'अंतःस्रावी विघटक' म्हणावे का? केडीएमच्या निमित्ताने

प्रश्न : नाशिकच्या सराफ बाजारातल्या कारागिरांसाठी केडीएम डाखाने (दागिन्याचे तुकडे जोडणाऱ्या सोने-कॅडमियमच्या मिश्रणाने) झाळताना उठणारा कॅडमियमचा धूर आणि प्रजनन आरोग्य यावर एक पानी पत्रक करायचे आहे. 'एंडोक्राइन डिसरप्टर'ला 'अंतःस्रावी विघटक' लिहिले तर चालेल का? आणि 'एक्स्पोजर'साठी 'संपर्क' पुरेसा आहे का?

उत्तर : 'विघटक' नको. शाळेच्या विज्ञानात विघटक म्हणजे मृत अवशेष कुजवणारे जिवाणू आणि बुरशी, आणि तोच अर्थ लोकांच्या डोक्यात असतो. शिवाय कॅडमियम संप्रेरकाचे (हार्मोनचे) विघटन करत नाही. 'संप्रेरक व्यत्ययक' अर्थाने बरोबर आहे, लेखात वापरा. पत्रकात मात्र सरळ 'हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारा धातू' लिहा. कारागीर हार्मोनच म्हणतात.

दुसरे उत्तर : ढवळाढवळ ठीक, पण कुठली तेही लिहा, कारण प्रत्येक ऊतीत ती वेगळी असते. गर्भाशय आणि स्तन यांत कॅडमियम हा इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा तोतया आहे. इस्ट्रोजेनच्या ग्राहीला (हार्मोन ओळखून पेशीला कामाला लावणाऱ्या प्रथिनाला) तो चिकटतो आणि ग्राही खरे इस्ट्रोजेन आल्यासारखा कामाला लागतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अंडाशय काढलेल्या उंदीर माद्यांना कॅडमियम टोचले, तेव्हा गर्भाशयाचे वजन वाढले आणि अस्तराच्या पेशी वाढीला लागल्या. ग्राही अडवणारे औषध दिल्यावर हा परिणाम रोखला गेला. 'तोतया' हा शब्द मी यासाठीच सुचवतो. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयामुळे मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

वारेत (प्लासेंटात) मात्र तोतयेगिरी नाही. तिथल्या पेशींत कॅडमियममुळे प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे हार्मोन कमी बनते. म्हणून तिथे 'निर्मिती घटते' असेच लिहा. शिशाचे मुख्य परिणाम आणखी वेगळे : मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते वृषण ही हार्मोनची साखळी बिघडते, शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी होते. 'जड धातूंनी हार्मोन बिघडतात' या एका वाक्यात हे सगळे कोंबू नये.

तिसरे उत्तर : 'संपर्क'वर माझा ठाम आक्षेप आहे. संपर्क वाचला की माणूस हातमोजे घालतो आणि निर्धास्त होतो. इथे धोका श्वासातून आहे. केडीएम हे नावच कॅडमियमवरून पडले. जुना डाख ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम असा. (ग्राहक केडीएमला शुद्धतेचा शिक्का समजतात, शुद्धता सांगतो तो ९१६चा आकडा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने.) कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसला वितळते आणि ७६७ अंशांना उकळते, म्हणजे झाळताना ज्योतीखाली त्याची वाफ होते. हवेत येताच तिचा ऑक्साइडचा अतिसूक्ष्म धूर बनतो. रुमाल बांधून तो अडत नाही. डोक्यावरचा पंखा तो खोलीभर पसरवतो. धूर तोंडापर्यंत येण्याआधी पलीकडे ओढून घेणारा एक्झॉस्ट हवा, त्याहून बरे म्हणजे कॅडमियम नसलेला डाख. धूर घेताना फारसे काही जाणवत नाही. काही तासांनी ताप, खोकला, धाप सुरू होते आणि लोक त्याला फ्लू समजतात.

म्हणून 'एक्स्पोजर'ला 'धूर छातीत जाणे' लिहा आणि शरीरात साठण्याला 'अंगात भिनणे'. मूत्रपिंडात भिनलेले कॅडमियम निम्मे व्हायला १० ते ३० वर्षे लागतात. 'बाधा' टाळा, बाधा म्हणजे परिणाम झालेला, आणि धूर घेतलेल्या प्रत्येकाला तो झालेला असेलच असे नाही.

प्रश्नकर्ता : आणि तपासण्यांचा भाग कसा मांडावा?

तिसरे उत्तर : 'रक्त-लघवी तपासा' एवढ्यावर थांबू नका. रक्तातले कॅडमियम प्रामुख्याने अलीकडचे सांगते, लघवीतले वर्षानुवर्षांचे. लघवीचा आकडा प्रति ग्रॅम क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) मागा, नाहीतर कमी-जास्त पाणी प्यायल्याने तो फसवतो. नमुना कामाच्या कपड्यांत देऊ नये. आधी हात धुवावेत, बाहीवरची धूळ बाटलीत पडली तरी आकडा चढतो. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून काम किंवा डाख बदलल्यावर वीर्याची फेरतपासणी तीन महिन्यांनी करा. पंधरा दिवसांत केलेली जुनीच स्थिती दाखवते. बायकांसाठीच्या मजकुरात लोहाचा उल्लेख हवाच : शरीरात लोह कमी असले की पोटात गेलेले कॅडमियम आतडे जास्त शोषते. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) लिहा. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तंबाखूतूनही कॅडमियम मिळते, तेव्हा आकडा वाचताना तो प्रश्न आधी विचारा.