रद्द केलेलं ‘नॉन-रिफंडेबल’ विमान तिकीट: उरलेले पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवावेत की खात्यात मागावेत?

रोखठोक

‘नॉन-रिफंडेबल होतं, गेले पैसे’ म्हणून हात झटकणारे पुष्कळ. कंपनीने देऊ केलेलं क्रेडिट शेल (म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) निमूटपणे घेणारे त्याहून जास्त. माझं मत: जेवढं रोखीत निघतं तेवढं रोखीतच काढा. क्रेडिट शेल म्हणजे आपण विमान कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज, आणि वर परतफेडीच्या अटी कर्जदाराने ठरवलेल्या.

नॉन-रिफंडेबल असतं ते फक्त मूळ भाडं, सगळं तिकीट नव्हे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमावलीत (विभाग ३, मालिका एम, भाग २) तीन गोष्टी स्पष्ट आहेत. सरकारी कर आणि विमानतळाचं वापरकर्ता शुल्क प्रत्येक प्रकारच्या भाड्यावर परत द्यायचं, प्रमोशनल भाडं असलं तरी आणि प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही तरी. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. आणि पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हे प्रवासी ठरवणार, कंपनीने ते परस्पर करायचं नाही.

समजा तिकीट ३,९५१ रुपयांचं आहे. मूळ भाडं ३,०००, जीएसटी १५०, विमान सुरक्षा शुल्क २३६ (२०० अधिक जीएसटी), विमानतळ वापरकर्ता शुल्क ४५०, इतर ११५. कंपनीचं रद्द शुल्क ३,५०० असलं तरी ते ३,००० च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे २३६ अधिक ४५०, असे ६८६ रुपये कुणाच्या बापाचे नाहीत, आपले आहेत. ते क्रेडिटमध्ये कशाला अडकवायचे?

उडता_गालिचा

तत्त्व ठीक, पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. रोखीत ६८६ मिळतात. आता त्याच तिकिटावर कंपनीने ‘पूर्ण रक्कम क्रेडिटमध्ये घ्या’ असा पर्याय दिला, आणि वेळापत्रक बदलतं किंवा हवामान बिघडतं तेव्हा कंपन्या तो देतात, तर ३,९५१ रुपये जिवंत राहतात. वर्षातून चार वेळा पुणे-दिल्ली करणाऱ्याने ६८६ साठी ३,९५१ सोडायचे? याला तत्त्वनिष्ठा म्हणत नाहीत, वाकड्या तोंडाने केलेला तोटा म्हणतात.

रोखठोक

रोख आणि क्रेडिट यांत एवढी तफावत असेल तर क्रेडिट घ्या, कोण नाही म्हणतंय? माझा आक्षेप आहे तो रोख मिळत असताना आपोआप क्रेडिट स्वीकारण्याला. आणि क्रेडिट घेतलंच, तर चार गोष्टी लेखी पाहून घ्या, कारण पैसे बुडतात ते इथेच.

मुदत कधीपासून मोजतात? रद्द केल्याच्या दिवसापासून की तिकीट काढल्याच्या? मुदत एक वर्षाची आणि तिकीट आठ महिने आधी काढलं असेल, तर दुसऱ्या पद्धतीत हातात चारच महिने उरतात. मग, मुदतीच्या आत बुकिंग व्हायला हवं की प्रवास? तिसरं, नाव: बहुतेक ठिकाणी मूळ पीएनआरमधल्या प्रवाशालाच ते वापरता येतं, मावसभावाला नाही. चौथं, नवीन तिकीट स्वस्त निघालं तर शिल्लक शेलमध्ये राहते की एका फटक्यात संपते?

हिशेबनीस

क्रेडिट की रोख यावर सगळे भांडताहेत, तिसरी वाट कुणी बोलत नाही: रद्द न करता तारीख बदलणं. आकडे मांडतो. शुल्क कंपनीगणिक आणि भाड्याच्या प्रकारागणिक बदलतं, म्हणून हे नमुन्याचे समजा: रद्द शुल्क ३,५००, बदल शुल्क २,८००, मूळ भाडं ९,०००.

नवीन तारखेचं भाडं ९,००० किंवा जास्त असेल, तर तारीख बदलणं ७०० रुपयांनी स्वस्त. नवीन भाडं कमी असेल तर मात्र सावध राहा. तारीख बदलताना भाड्यातला फरक वाढला तर घेतात. घटला तर बऱ्याच भाडेप्रकारांत परत देत नाहीत. म्हणजे नवीन भाडं ६,००० असलं तरी बदलाला २,८०० लागणारच. उलट रद्द केलं तर ५,५०० परत येतात आणि ६,००० चं नवीन तिकीट काढलं की जास्तीचे ५०० पडतात. दोन्ही मार्ग बरोबरीला येतात ते नवीन भाडं ८,३०० असताना. त्याखाली रद्द करा, त्यावर तारीख बदला. कर दोन्हीकडे सारखे धरलेत. नवीन बुकिंगचं सुविधा शुल्क आणि शुल्कांवरचा जीएसटी तेवढा आपापला मिळवून घ्या.

रोखठोक यांच्या ३,००० च्या तिकिटात हा खेळ मुळातच नाही. तिथे बदलालाच २,८०० जातात.

जाता जाता जीएसटीचं सांगतो, कारण त्यावर उगाच भांडणं होतात. इकॉनॉमीला ५ टक्के. रद्द शुल्क ३,५०० कापलं तर त्यावरही तोच दर, १७५ रुपये. भाड्यावर ४५० भरले होते, म्हणून परत येतात २७५. ‘सगळे कर परत’ याचा अर्थ ४५० परत असा काढू नका. मूळ भाडं पूर्ण कापलं गेलं, तर कंपन्या त्यावरचा जीएसटीही सहसा परत देत नाहीत. रोखठोक यांनी १५० धरले नाहीत ते बरोबर केलं.

काउंटर_४

तिकीट कापणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द. परताव्याच्या निम्म्या तक्रारी नियमापेक्षा क्रम चुकल्यामुळे होतात.

चौघांचं एक पीएनआर आहे आणि एकालाच जायचं नाही. आधी पीएनआर विभागून घ्या, मग त्या एकाचं रद्द करा. घाईत ‘बुकिंग रद्द करा’ दाबलं की चौघांचं जातं, आणि पुन्हा काढताना आजचं भाडं लागतं.

जाणं-येणं एकाच तिकिटावर असेल आणि जाताना गेलाच नाहीत, तर पूर्ण-सेवा कंपन्यांमध्ये परतीचा टप्पाही सहसा आपोआप रद्द होतो. जाण्याचा टप्पा सोडायचा असेल तर उड्डाणाआधी कंपनीला कळवून परतीचा वेगळा करून घ्या. देशांतर्गत प्रवासात दोन एकेरी तिकिटं काढलेली केव्हाही बरी.

न जाता घरी बसून राहिलात तरी कर मागता येतात, हे रोखठोक यांचं म्हणणं खरं आहे. पण बहुतेक वेळा ते आपणहून येत नाहीत, अर्ज करावा लागतो. उड्डाणाच्या काही तास आधी संकेतस्थळावरचं रद्दचं बटण बंद होतं. त्याआधी रद्द केलं तर तेच पैसे त्रास न होता मिळतात.

तिकिटावरची प्रत्येक ओळ कर नसते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर ‘वायक्यू’ आणि ‘वायआर’ हे कंपनीचे अधिभार. कराच्या रकान्यात बसलेले असतात, पण कर नव्हेत. ‘के-३’ म्हणजे जीएसटी, ‘आयएन’ म्हणजे वापरकर्ता शुल्क, ‘पी-२’ म्हणजे सुरक्षा शुल्क. लंडनहून निघणाऱ्या तिकिटावरचा ‘जीबी’ हा ब्रिटनचा प्रवासी कर. मुंबईहून गेलात आणि परतीचा टप्पा वापरलाच नाही, तर तो आवर्जून मागा, कारण रक्कम लहान नसते. मात्र काही कंपन्या तिथे हाताळणी शुल्क कापतात.

आणि पोर्टलवरून काढलेलं तिकीट असेल तर ‘लगेच वॉलेटमध्ये, की ५-७ दिवसांत कार्डावर’ असा प्रश्न येतो. वॉलेट निवडलं की तेही एक क्रेडिट शेलच झालं, फक्त दुसऱ्याच्या नावाने. परताव्याची जबाबदारी डीजीसीएने विमान कंपनीवर टाकली आहे, एजंटमार्फत तिकीट घेतलं असलं तरी. एजंट टोलवत असेल तर हे दाखवा. (आमच्या धंद्यातले लोक यावर खूश होणार नाहीत.)

उधारी_बंद

क्रेडिटवाल्यांनो, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३ मे पासून उड्डाणं थांबली. अशा वेळी क्रेडिट शेल धरून बसलेला प्रवासी विनातारण धनको म्हणून रांगेच्या शेवटी उभा राहतो. कार्डाने तिकीट काढलेल्याला निदान बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून चार्जबॅक (कार्डावरचे पैसे परत) मागता येतो. शेल घेतलं की मूळ व्यवहार मिटल्यासारखा दिसतो आणि बँकेची मुदतही बहुधा उलटून गेलेली असते.

आणि पैसा अडकण्याला किंमत असते हे सर्वोच्च न्यायालयानेही मानलंय. टाळेबंदीतल्या तिकिटांवरच्या १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात क्रेडिट शेलवर ३० जून २०२० पर्यंत महिना अर्धा टक्का आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत महिना पाऊण टक्का भर घालायला सांगितली, शेल दुसऱ्याला देण्याचीही मुभा दिली. आजच्या शेलवर कोण देतंय पाऊण टक्का?

उडता_गालिचा

दोन कंपन्या बुडाल्या म्हणून बाकीच्यांचं क्रेडिट नाकारायचं, म्हणजे एक बँक बुडाली म्हणून पैसे गादीखाली ठेवण्यासारखं. तीन महिन्यांत वापरणार असाल तर घ्या, वर्षभर ठेवणार असाल तर घेऊ नका. एवढं साधं आहे.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत रोखठोक यांचा नियम चालत नाही. स्वतः रद्द केलेल्या नॉन-रिफंडेबल तिकिटावर रोख मिळण्याची आशा सोडा; क्रेडिट हीच वसुली. म्हणून कारागिरी क्रेडिट वापरण्यात आहे.

डेल्टा, युनायटेड, अमेरिकन यांच्याकडे सर्वसाधारणपणे मुदत मूळ तिकीट काढल्यापासून एक वर्ष. क्रेडिटवर नवीन तिकीट काढून तेही रद्द केलं तरी मूळ क्रेडिटचं घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. पुष्कळजण इथेच फसतात. अमेरिकनमध्ये दोन प्रकार असतात. ‘फ्लाइट क्रेडिट’ला मुदतीच्या आत प्रवास सुरू व्हावा लागतो, ‘ट्रिप क्रेडिट’ला मुदतीच्या आत बुकिंग झालं तरी चालतं. फ्लाइट क्रेडिटवर स्वस्त तिकीट घेतलं की उरलेली रक्कम ट्रिप क्रेडिट म्हणून निघते, म्हणजे शिल्लक उलट जास्त लवचिक होते. साउथवेस्टचं क्रेडिट २०२२ पासून कधीच संपत नसे. २८ मे २०२५ पासूनच्या बुकिंगला ती चैन गेली. बेसिक इकॉनॉमी या सर्वांत स्वस्त भाड्यावर मूल्य उरतंच असं नाही, आधी वाचा.

मुंबई-नेवार्कवाल्यांसाठी: निघायला ७ दिवस किंवा जास्त असतील, तर कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांत फुकट रद्द होतं, किंवा कंपनीने भाडं २४ तास धरून ठेवायला हवं. अमेरिकेत ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे लागू आहे, एजंटला नाही. आणि कंपनीनेच आंतरराष्ट्रीय प्रवास ६ तास किंवा जास्त हलवला, विमानतळ बदलला किंवा थांबा वाढवला, तर नॉन-रिफंडेबलवरही रोख. म्हणून निघायला अवकाश असेल तर आधी रद्द करू नका. वेळापत्रक बदलण्याची वाट बघा.

हिशेबनीस

‘वाट बघा’ हा सल्ला भारतात जपून. आपल्याकडे रद्द शुल्काचे टप्पे असतात, निघण्याआधी तीन-चार दिवसांच्या आत आलात की ते चढतं. ८,००० च्या तिकिटावर दोन आठवडे वाट बघून काही हललं नाही, तर तेवढा जास्तीचा भुर्दंड.

रोखठोक

म्हणजे टप्पा बदलण्याच्या आदल्या दिवसापर्यंत थांबा. न्यूजर्सीकर यांचा मुद्दा मला पटला. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं कोलमडली, तेव्हा ५ ते १५ डिसेंबरच्या प्रवासाला रद्द आणि बदल शुल्क माफ झालं. ज्यांनी आठवडाभर आधी घाईने शुल्क देऊन रद्द केलं, त्यांना थांबण्याची किंमत कळली असेल.

आणि २४ तासांची मुभा आपल्याकडेही २०१९ च्या प्रवासी सनदेत आली: थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेलं आणि निघायला किमान ७ दिवस असलेलं तिकीट. नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात डीजीसीएने ती ४८ तास करण्याचा प्रस्ताव मांडला. रद्द करण्याआधी डीजीसीएच्या पानावर चालू मजकूर पाहा.

गोंयकार

क्रेडिट वापरताना गोव्यात एक गोची. दाबोळी आणि मोपा हे दोन वेगळे विमानतळ, दोन वेगळे कोड. दाबोळीचं तिकीट मोपाला ‘तारीख बदल’ म्हणून वळवता येईल असं गृहीत धरू नका. तो मार्गबदल धरला जातो आणि काही स्वस्त भाड्यांत त्याची सोयच नसते. अशा वेळी रद्द करून नवीन काढणंच हाती उरतं. मुंबई आणि नवी मुंबईचंही आता तसंच.

काउंटर_४

कर येईनात तर हा क्रम: आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला मेल, त्यात पीएनआर, रद्द केल्याची तारीख आणि भाड्याची फोड. मग अपील अधिकारी, मग एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल. त्याच्या जोडीला ग्राहक हेल्पलाइन १९१५. नाहीच हललं तर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. भाड्याची फोड रद्द करण्याआधी उतरवून ठेवा. रद्द झाल्यावर काही संकेतस्थळांवर तिकीट उघडतच नाही, आणि मग ६८६ होते की ५६८ हे सिद्ध करायला कागद उरत नाही.

उडता_गालिचा

६८६ साठी जिल्हा आयोग? कोर्टात जायचं रिक्षाभाडंच तेवढं होईल.

काउंटर_४

चौघांचे २,७४४. आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते, रिक्षा लागत नाही.