घरचा संगणक बिघडला आहे की कोणी त्यात शिरले आहे, हे ओळखावे कसे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरचा डेस्कटॉप संगणक गेले तीन आठवडे विचित्र वागत आहे. हा साधा बिघाड आहे, विषाणू आहे की बाहेरून कोणी संगणकाचा ताबा घेतला आहे, याचा मला उलगडा होत नाही. संगणक आठ वर्षांपूर्वी घेतलेला असून त्यावर विंडोज १० आहे.

चालू केल्यानंतर तो वापरण्याजोगा व्हायला दहा-दहा मिनिटे लागतात, आणि साधा फोल्डर उघडायला गेले तरी पडदा मध्येच गोठतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात थोड्या थोड्या वेळाने 'पाच विषाणू सापडले, लगेच साफ करा' अशी चौकट येते. हात लावलेला नसताना माउसचा बाण कधी कधी सरकतो. या सगळ्याने धास्तावून आठवड्याभरापासून मी रात्री भिंतीवरचे बटणही बंद करून ठेवते. तरीसुद्धा पाच-सहा दिवसांपासून सकाळी कोणतेही संकेतस्थळ उघडले की 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा येऊ लागला आहे. परवा ई-मेल सेवेकडून 'नव्या उपकरणावरून प्रवेश झाला' असा संदेश आला होता. मीच नवा ब्राउझर वापरून पाहिला होता, त्याचा तो असेल असे समजून मी तो सोडून दिला.

अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा काहीही सापडले नाही. याच संगणकावरून मी बँकेचे व्यवहार करते आणि घरातल्या सर्वांची कागदपत्रे व पंधरा वर्षांची छायाचित्रे त्यातच आहेत. नेमके काय तपासावे, आणि कोणत्या क्रमाने, हे कृपया कोणी सांगेल का?

पहिले उत्तर

आपण सांगितलेल्या सर्व लक्षणांचे कारण एकच असेल असे धरून चालू नये. ती सुटी करून पाहिली, तर त्यांतील काहींचा विषाणूशी संबंध नसावा असे मला वाटते.

उद्या सकाळी संगणक चालू केल्यावर, ब्राउझर उघडण्याआधी, कोपऱ्यातील घड्याळ आणि विशेषतः तारीख वाचा. ती काही वर्षे मागे गेलेली दिसेल असा माझा अंदाज आहे. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढी चपटी गोल बॅटरी असते. तिच्यावर बहुधा सीआर २०३२ असा क्रमांक असतो. वीज पूर्ण तोडलेली असताना संगणकाचे घड्याळ त्याच बॅटरीवर चालते, आणि आठ वर्षांत ती संपणे स्वाभाविक आहे. आपण भिंतीवरचे बटण बंद करू लागलात आणि लगेचच ते इशारे सुरू झाले, हा योगायोग नसावा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे नोंदवलेले असते. संगणकाला आज २०१७ साल आहे असे वाटत असेल, तर आजची सगळी प्रमाणपत्रे त्याच्या लेखी अजून अस्तित्वातच आलेली नाहीत. फरक इतका मोठा असला की विंडोज घड्याळ आपणहून जुळवून घेईलच असे नाही. त्यामुळे तारीख हाताने लावा आणि बॅटरी बदलून घ्या.

विषाणूची भीती घालणारी चौकट नीट न्याहाळा, पण तिच्यावर क्लिक करू नका. तिच्यात बारीक अक्षरांत ब्राउझरचे नाव आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसत असेल, तर कधीतरी त्या संकेतस्थळाने 'सूचना दाखवू का' असे विचारले असताना 'अनुमती द्या' हे बटण दाबले गेले आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, संकेतस्थळांना दिलेल्या परवानग्यांत जाऊन ती अनुमती काढून टाकली की चौकटी थांबतात. त्या चौकटीने आपल्या संगणकाची कोणतीही तपासणी केलेली नसते.

माउस उलटा करून त्याच्या खालची काच पुसा आणि पृष्ठभाग बदलून पाहा. बाण एकाच दिशेने हळूहळू वाहत जात असेल किंवा जागच्या जागी थरथरत असेल, तर दोष सेन्सरचा आहे. दूर बसलेला माणूस बाण हलवतो तेव्हा तो काहीतरी करण्यासाठी हलवतो. मेनू उघडतात, खिडक्या बंद होतात, अक्षरे उमटतात.

संथपणासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती व्यग्र आहे हे दाखवणारी खिडकी, उघडा. प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि डिस्कचा रकाना मात्र सतत १०० टक्क्यांवर, असे चित्र असेल तर जुनी हार्ड डिस्क थकली असण्याचा संभव अधिक आहे. याउलट पंखा एरवी जोरात फिरत असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होत असेल, तर ती बाब गंभीर समजा. दुसऱ्याच्या संगणकावर चोरून आभासी चलन तयार करणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडल्याचे ओळखून तेवढ्यापुरते थांबतात.

दुसरे उत्तर

घड्याळ, चौकट आणि माउस यांबद्दल वर लिहिले आहे ते मला पटते. परंतु आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ई-मेलबद्दलचे आहे, आणि ते आपण सोडून दिलेत याची मला काळजी वाटते. आजकाल संगणकात शिरणाऱ्या चोराला संगणक बंद पाडण्यात काहीच लाभ नसतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि आपण 'आत' असल्याची खूण सांगणाऱ्या कुकीज एकदा उचलून नेल्या की त्याचे काम संपते. त्यासाठी काही क्षण पुरतात, आणि नंतर संगणक पूर्वीसारखाच चालत राहतो. अशा चोरीचा माग बहुधा संगणकापेक्षा आपल्या खात्यांमध्ये आधी लागतो.

म्हणून हा संगणक इंटरनेटपासून तोडा आणि पुढचे सारे विश्वासाच्या दुसऱ्या उपकरणावरून करा. ई-मेल खात्यातील सुरक्षा विभागात प्रवेशांची यादी असते. तिच्यातील प्रत्येक ओळीचे उपकरण, वेळ आणि ठिकाण ताडून पाहा. त्या वेळा सेवेच्या सर्व्हरने नोंदवलेल्या असल्यामुळे आपल्या चुकीच्या घड्याळाचा त्यांवर परिणाम होत नाही. त्यानंतर मेलचे फिल्टर (आलेल्या पत्राचे आपोआप काय करायचे ते ठरवणारे नियम) आणि फॉरवर्डिंगचे पत्ते (जिकडे पत्रे आपोआप पाठवली जातात ते) उघडून पाहा. ही जागा फारसे कोणी तपासत नाही, आणि पासवर्ड बदलल्यावरही घुसखोराने लावलेला नियम तिथे तसाच टिकून राहतो.

अनोळखी प्रवेश आढळला, तर नवा पासवर्ड लावा, 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणारी सोय) सुरू करा. चोरलेली कुकी वापरणाऱ्याला पासवर्डची गरजच नसते, त्यामुळे जुने प्रवेश रद्द करणे हे पासवर्ड बदलण्याइतकेच आवश्यक आहे. बँकेच्या खात्याचे असेच काम यानंतर लगेच हाती घ्या.

तपासणीत काही सापडले नाही, यावर फार विसंबू नका. तारीख चुकीची असताना अँटिव्हायरसचे अद्ययावतीकरणही अडखळू शकते, आणि ओळखीच्या विषाणूंच्या शिळ्या यादीनिशी केलेल्या तपासणीला नवा विषाणू दिसत नाही. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर हा वर्म (आपोआप एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्राम) सुरक्षा कंपन्यांची संकेतस्थळेच उघडू देत नसे. त्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरची चित्रे एका पानावर दिसतात की नाहीत एवढ्यावरून संसर्ग ताडण्याची युक्ती तेव्हा प्रचलित झाली होती. आपल्याकडे सर्वच संकेतस्थळांवर इशारा येत होता, केवळ सुरक्षेच्या नव्हे, ही गोष्ट त्या दृष्टीने दिलासा देणारी आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सकाळी तारीख १ जानेवारी २०१७ दाखवत होती. ती दुरुस्त करताच संकेतस्थळांचे इशारे थांबले. बॅटरी आज बदलून घेतली. चौकटीच्या तळाशी खरोखरच एक अनोळखी पत्ता होता आणि परवानगी काढल्यापासून चौकट आलेली नाही. माउसच्या काचेवर एक केस अडकलेला होता. डिस्कचा रकाना मात्र काहीही उघडलेले नसताना १०० वर जातो, आणि कान लावला तर आतून बारीक टकटक ऐकू येते.

ई-मेलबाबत आपली शंका खरी ठरली. परवाचा प्रवेश पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी, माझ्याकडे नसलेल्या उपकरणावरून झाला होता. फिल्टरमध्ये मी न बनवलेला एक नियम होता: बँकेकडून आलेले प्रत्येक पत्र थेट कचरापेटीत टाकावे. तो वाचताना माझ्या हाताला कंप सुटला. दुसऱ्या उपकरणावरून सर्व प्रवेश रद्द केले, पासवर्ड बदलले, बँकेला कळवले. पैसे सुरक्षित आहेत. घरात विचारणा केल्यावर समजले की तीन आठवड्यांपूर्वी एका महागड्या सॉफ्टवेअरची फुकट प्रत चालू करण्यासाठी कोणीतरी अँटिव्हायरस काही वेळ बंद करून एक फाइल चालवली होती. आता हा संगणक साफ करता येईल, की सगळे पुसून टाकावे?

तिसरे उत्तर

पुसून टाका. डिस्कमधून टकटक ऐकू येत आहे म्हणजे ती केव्हाही साथ सोडू शकते, त्यामुळे तिच्यावर सफाईचे प्रयोग करण्यात अर्थ नाही. तिच्यावर ताण देणारी आणखी एकही पूर्ण तपासणी करू नका. तिच्यातील छायाचित्रे आणि कागदपत्रे वाचवणे आता सर्वांत तातडीचे आहे.

संगणक इंटरनेटपासून तुटलेलाच ठेवून बाहेरची डिस्क जोडा. ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही अशा गोष्टी आधी उतरवून घ्या: छायाचित्रे, स्कॅन केलेली कागदपत्रे, स्वतः लिहिलेल्या फाइली. प्रोग्राम, इन्स्टॉलर, झिप फाइली आणि डाउनलोडचा फोल्डर यांतील काहीही घेऊ नका. ही बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावाल तेव्हा काहीही उघडण्यापूर्वी अद्ययावत अँटिव्हायरसने ती तपासा.

जुनी डिस्क काढून नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी संगणकावर बनवायला हवा. संसर्ग झालेल्या संगणकावर बनवलेल्या साधनावर विश्वास ठेवता येत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, म्हणून तेच पुन्हा बसवण्याआधी विचार करा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. आठ वर्षांपूर्वीचा संगणक त्या सीमारेषेवर असतो, त्यामुळे आधी खात्री करून घ्या. विंडोज ११ बसत नसेल तर लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा पर्याय आहे. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि कागदपत्रे एवढाच वापर असेल तर तो पुरेसा पडतो.

कोणी आत येऊन संगणक प्रत्यक्ष हाताळत होते का, हे जाणून घेण्याची इच्छा असेल, तर जुनी डिस्क काढण्यापूर्वी इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही दाखवणाऱ्या प्रोग्राममधील) सिक्युरिटी नोंदी पाहता येतील. ४६२४ हा क्रमांक यशस्वी प्रवेशाचा, आणि त्यातील लॉगऑन प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपने (दुरून संगणक चालवण्याच्या विंडोजच्या सोयीने) झालेला प्रवेश. मात्र विंडोजच्या होम आवृत्तीत तसे बाहेरून येण्याची सोयच नसते, दूरस्थ मदतीसाठीची इतर सॉफ्टवेअर वापरली असल्यास या प्रकाराची नोंद होत नाही, आणि आपल्याकडे तर घड्याळ चुकल्यामुळे गेल्या आठवड्यातील बऱ्याच नोंदी २०१७ च्या तारखांखाली सापडतील. मी असतो तर छायाचित्रे उतरवून झाल्यावरच तिकडे वळलो असतो.

एक काम अजून राहिले आहे. त्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांची यादी काढा आणि तिच्यातील प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदला, वर्षानुवर्षे न उघडलेल्या खात्यांचाही. घरातील इतरांनी याच संगणकावरून आपली खाती उघडली असतील, तर त्यांनाही आजच हे करायला सांगा.