मदत हवी आहे: स्टेशन १९६७ ला बंद झालं की १९६८ ला?

डर्बीचा_वाटसरू: रविवारी मंडळाची पंधरा माणसं पोराबाळांसकट तिथल्या जुन्या रेल्वेमार्गावर चालायला नेतोय. इतिहास मी सांगणार, असं बायकोने परस्पर ग्रुपवर टाकलंय. एकीकडे १९६७ वाचलं, दुसरीकडे १९६८. आणि पूल दोन का? लवकर सांगा, उद्या पत्रक छापायचंय.

रूळमित्र: स्टेशन कुठलं ते तरी लिहा की राव!

डर्बीचा_वाटसरू: मिलर्स डेल हो. डर्बीशायर.

नानाची_टांग: ब्रिटिश रेल्वेचा तेव्हाचा प्रमुख बीचिंग, त्याने बंद केलं. तोट्यातले मार्ग बंद करायचा १९६३ चा अहवाल. विषय संपला.

रूळमित्र: कसला संपतोय? बीचिंगसाहेब १९६५ मध्येच रेल्वे सोडून गेले होते.

नानाची_टांग: आचारी स्वयंपाक करून घरी गेला, म्हणून जेवण दुसऱ्याचं झालं का?

सुगरण_मँचेस्टर: थेपले न्या. आणि मुलांना स्वेटर घाला, बोगद्यांत भर उन्हाळ्यात हुडहुडी भरते.

रूळमित्र: थेपले नंतर. धागाकर्ते, दोन्ही सालं बरोबर आहेत. ६ मार्च १९६७ ला स्टेशन बंद झालं, पण लंडन-मँचेस्टरच्या थेट गाड्या १९६८ पर्यंत तिथून न थांबता जात होत्या. पहिला पूल १८६३ चा, मिडलंड रेल्वेचा. रुळांच्या दोन जोड्या पुरेनात म्हणून १९०५ मध्ये शेजारी दुसरा बांधला. गाव एवढंसं, पण बक्स्टनची गाडी इथे बदलायची, म्हणून पाच फलाट आणि फलाटावरच पोस्ट ऑफिस! आज दोन्ही बाजूंना फलाटांच्या दगडी कडा तशाच आहेत आणि रूळ होते तिथून सायकली जातात. मी तिथे उभा होतो तेव्हा एकाने मागून घंटी वाजवली, तर दचकून बाजूला झालो. गाडीच आली म्हणून!

नानाची_टांग: म्हणजे बीचिंगच.

सायकलवेडा: सायकली भाड्याने घ्या. चालण्यात काय मजा? २०११ ला बोगदे उघडल्यापासून सपाट रस्ता आहे.

डर्बीचा_वाटसरू: आईला गुडघ्याचा त्रास आहे, सायकल कुठली चालवतेय.

सुगरण_मँचेस्टर: आई येणारेत हे आत्ता सांगताय? अहो, मग गाडी स्टेशनपाशीच लावा, खाली नदीकाठी नको. चढ आहे.

डर्बीचा_वाटसरू: बरं, लावतो. रूळमित्र, दोन्ही सालं छापतो. पण त्या चुन्याच्या भट्ट्या कसल्या?

रूळमित्र: कुठल्या? पुलापलीकडच्या का?