टेपवर बॅकअप ‘पूर्ण’ म्हणतंय, आत मात्र फक्त मेल

उद्यमनगरकर
सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लांबलं तर सांभाळून घ्या. फोनवरून लिहितोय, त्यामुळे कमांडपण मराठीतच, उच्चाराप्रमाणे.

आमचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉप आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. पंपाचे केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी असली कामं. मी मूळचा स्टोअरवाला. पण बावीस माणसांत लिनक्सची काळी खिडकी बघून न घाबरणारा मी एकटाच, म्हणून सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. डेबियन आहे, दोन डिस्क मिररला, आणि बाहेरून सॅस केबलने जोडलेला एलटीओ-५ जातीचा टेप ड्राइव्ह, सेकंडहँड घेतलेला.

टेपच का, तर २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. आमच्यापर्यंत पाणी आलं नाही, पण शाहूपुरीत मालकांच्या पाहुण्यांचं ऑफिस कॉम्प्युटरसकट बुडालं. तेव्हापासून सोमवार ते शनिवार अशा सहा टेप, आणि शनिवारची टेप मालक स्वतः स्कूटरच्या डिकीतून घरी नेतात. पावसात पिशवीत गुंडाळून.

आता घोळ. गेल्या मंगळवारी ड्रॉइंगवाल्या पोरानं एका गिऱ्हाइकाचं अख्खं फोल्डर उडवलं. ६८ ड्रॉइंग. मिररचा काय उपयोग, दोन्ही डिस्कवरून एकदमच गेलं. मी ऐटीत म्हटलं, टेप आहे की. सोमवारची घातली, आत फक्त मेल. शनिवारची मागवली, फक्त मेल. सहाच्या सहा टेपमध्ये ड्रॉइंग नाही, अकाउंट नाही, फक्त मेल. आणि लॉगमध्ये रोज रात्री ‘बॅकअप पूर्ण’ लिहिलेलं आहे. मालकांना अजून नीट सांगितलेलं नाही.

स्क्रिप्ट एका पोरानं लिहून दिली होती, तो आता पुण्याला. आत एवढंच आहे (टार म्हणजे अख्खं फोल्डर एकत्र करून लिहिणारी कमांड, /डेव्ह/एसटी० म्हणजे टेप ड्राइव्ह):

टार -सीएफ /डेव्ह/एसटी० /होम/ड्रॉइंग
टार -सीएफ /डेव्ह/एसटी० /होम/अकाउंट
टार -सीएफ /डेव्ह/एसटी० /व्हार/मेल
इको बॅकअप पूर्ण

ड्रॉइंग साधारण ३४० जीबी, अकाउंट ११, मेल ६०. टेपवर १५०० जीबी मावतं म्हणतात, म्हणजे जागेचा प्रश्न नसावा. शिवाय जूनपासून दोन टेपवर ‘इनपुट/आउटपुट एरर’ येतोय आणि ड्राइव्हचा क्लीनचा नारिंगी दिवा विझत नाही. क्लीनिंग टेप मी दर शनिवारी न चुकता घालतो. मागच्या आठवड्यात शॉपमधल्या एअरगननं ड्राइव्हच्या तोंडातून हवापण मारली. तरी दिवा आहे तसाच.

काय करू सांगा.


राजारामपुरी_रूट
सोमवार, रात्री १०:३२

दादा, आधी एक करा. टेपला हात लावू नका, आणि आज रात्रीचा क्रॉन, म्हणजे स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालवणारा, बंद ठेवा.

घोळ पहिल्याच ओळीत आहे. एसटी० म्हणजे काम संपलं की टेप आपोआप मागे गुंडाळणारं नाव. ड्रॉइंग लिहून झाले, टेप सुरुवातीला आली. अकाउंट त्याच्यावर लिहिलं गेलं, टेप परत सुरुवातीला. मग मेल. शेवटी टेपवर उरतो तो मेल. न गुंडाळणारं नाव एनएसटी०, पुढे ‘एन’ असलेलं. एका अक्षराचा खेळ आहे.

पुण्याच्या पोराला फोन करून शिव्या द्यायच्या असतील तर माझ्याकडूनपण दोन द्या.


उद्यमनगरकर
सोमवार, रात्री १०:४०

म्हणजे २०१९ पासून आम्ही दर शनिवारी स्कूटरवरून मेल फिरवतोय.

पण मेल ६० जीबीच आहे. ड्रॉइंग ३४० जीबी लिहिले होते ना? मग ६० च्या पुढचे २८० जीबी टेपवर असतीलच की. ते काढता येणार नाहीत?


जुनी_रीळ
सोमवार, रात्री ११:२०

मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होतो, आता निवृत्त. रिळाच्या टेपपासून हेच केलं, म्हणून सांगतो.

ते २८० जीबी चुंबकीयदृष्ट्या तिथंच आहेत. पण एलटीओ ड्राइव्ह प्रत्येक लिखाणानंतर ‘इथं डेटा संपला’ अशी खूण मारतो आणि त्या खुणेच्या पुढं वाचायला साफ नकार देतो. एमटी, म्हणजे टेप मागे-पुढे करणारी कमांड, तिनं कितीही पुढं ढकला, तिथं येऊन अडणार. डेटा रिकव्हरीवाले त्यांच्या पद्धतीनं काढू शकतात, पण ते तुमच्या-माझ्या हातचं नाही आणि स्वस्तही नाही.

आता दिव्याचं. क्लीनिंग टेप दर शनिवारी घालता म्हणालात. किती वर्षं तीच टेप?


उद्यमनगरकर
सोमवार, रात्री ११:२६

ड्राइव्हबरोबर आलेली. तीच.


जुनी_रीळ
सोमवार, रात्री ११:४५

मग ती कधीच संपली. एलटीओची क्लीनिंग टेप साधारण ५० वेळा चालते. तिच्यातल्या चिपमध्ये मोजणी असते. मोजणी भरली की ड्राइव्ह ती आत घेतो, ओळखतो आणि काही न करता बाहेर टाकतो. तुम्हाला वाटतं झालं साफ. आणि दर आठवड्याला साफ करायचंही नसतं. ती पट्टी हेडला घासते. दिवा मागेल तेव्हाच घालायची.

एअरगनबद्दल काय बोलू! शॉपच्या कंप्रेसरच्या हवेत पाणी असतं आणि तेलाचा अंश असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, टाकीचा ड्रेन तुम्हीच काढत असाल. ते तुम्ही हेडवर मारलंत. शिवाय तोंडाशी बसलेली बिडाची भुकटी आत ढकललीत. ड्राइव्ह ठेवलाय कुठं? ग्राइंडिंगच्या पार्टिशनला लागून तर नाही ना? ड्राइव्हला स्वतःचा पंखा असतो, तो समोरून हवा ओढतो, आणि हवेबरोबर जे असेल तेही.

उद्या नवीन क्लीनिंग टेप आणा, एकदा घाला. मग नवीकोरी डेटा टेप घालून थोडं लिहून बघा आणि डीमेसेज, म्हणजे सिस्टिमचे मेसेज, वाचा. एरर आला तर ‘सेन्स की’, म्हणजे ड्राइव्हनं दिलेला एररचा प्रकार, काय म्हणतेय ते बघा. मीडियम एरर आणि तो ठरावीक टेपवरच, तर टेप गेली. सगळ्या टेपवर येतोय तर हेड. हार्डवेअर एरर असेल तर ड्राइव्ह नाहीतर केबल. टेपइन्फो नावाची कमांड आहे, एमटीएक्स पॅकेजमध्ये येते. ती ड्राइव्हच्या तक्रारी सरळ शब्दांत वाचून दाखवते. तिला ड्राइव्हचं एसटीवालं नाही, एसजीवालं नाव द्यायचं. ते एलएसस्कझी -जी नं कळतं.

आणि पावसात डिकीतून आलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही. खोलीत राहू द्या, एक दिवस तरी.


गडहिंग्लजचा_गडी
मंगळवार, सकाळी ७:०५

टेप कशाला पाहिजे अजून? क्लाउडला टाका आणि निवांत झोपा.


उद्यमनगरकर
मंगळवार, सकाळी ७:३०

गिऱ्हाइकानं करारात लिहून घेतलंय, ड्रॉइंग आवाराबाहेरच्या सर्व्हरवर ठेवायचे नाहीत. टेप घरी नेतो हे त्यांना माहीत आहे आणि चालतं. शिवाय आमचं नेट कसं आहे ते पावसाळ्यात इकडं येऊन बघा.


राजारामपुरी_रूट
मंगळवार, सकाळी ८:१०

दादा, रात्री झोपताना एक डोक्यात आलं. तुमची स्क्रिप्ट दुसऱ्या टारपर्यंत पोचली तरच ड्रॉइंग पुसले जातात. मग एखाद्या रात्री ती मधेच मेली असेल तर? लॉगमध्ये असा दिवस शोधा जिथं ‘बॅकअप पूर्ण’ नाही. त्या दिवसाची टेप अजून कोणी वापरली नसेल तर तिच्यावर ड्रॉइंग असू शकतील.


उद्यमनगरकर
मंगळवार, दुपारी १:२०

भावा, आहे!

जूनमध्ये एका गुरुवारी रात्री वीज गेली होती, यूपीएस आधीच अर्धमेला. सर्व्हर बंद पडला. सकाळी लॉगमध्ये ‘पूर्ण’ दिसलं नाही, म्हणून ती टेप खराब समजून मी तिच्यावर लाल मार्करनं फुली मारली आणि बाद टेपच्या खोक्यात टाकली. गुरुवारसाठी नवीन टेप काढली. ती फुलीवाली अजून खोक्यातच आहे.

पण स्क्रिप्ट ११ वाजता सुरू होते आणि १२:२० च्या सुमारास सर्व्हर गेलेला. ड्रॉइंगला एकट्याला दोन तास लागतात. म्हणजे पहिलंच टार अर्धवट राहिलं. अर्धवट टार उघडेल का?


राजारामपुरी_रूट
मंगळवार, दुपारी १:३५

तुटलं तिथपर्यंतचं सगळं निघतं. टारमध्ये शेवटी कसली यादी नसते, एकामागून एक फायली असतात. तुमचं फोल्डर पहिल्या भागात असलं पाहिजे, एवढंच. आणि ते नावाच्या क्रमानं नसतं, डिस्क ज्या क्रमानं देईल त्या क्रमानं. म्हणून आधीच सांगता येत नाही.

टेपच्या मागची लाल खिटी सरकवून ती लिहिण्यापासून बंद करा. हे विसरलात तर सगळं मुसळ केरात. मग एनएसटी० नं टार -टीव्हीएफ लावा आणि यादी फायलीत घ्या. काढायचं असेल तेव्हा वेगळ्या डिस्कवर काढा, मूळ जागेवर नको.


जुनी_रीळ
मंगळवार, दुपारी १:५०

घाई करू नका. आधी नवी क्लीनिंग टेप, मग ही. मळलेल्या हेडखाली एकुलती एक टेप घालायची नाही. आणि लिहिताना मधेच वीज गेलेली असल्यामुळं लोड व्हायला बराच वेळ लागेल. टेपच्या चिपमधली नोंद अपुरी राहिलेली असते. बंद पडला समजून बटण दाबू नका.


उद्यमनगरकर
बुधवार, संध्याकाळी ६:४५

आधी वाईट. क्लीनिंग टेप आज सकाळी मिळाली. घातली, दोनेक मिनिटांत बाहेर आली आणि दिवा विझला. म्हणजे गेली चार वर्षं तरी मी नुसती टेप आत-बाहेर करत होतो. शॉपमधली पोरं हसली. हसू दे.

एरर येणाऱ्या दोन टेपपैकी एक आता व्यवस्थित लिहितेय. दुसरीवर अजून मीडियम एरर, ती बाद.

मग फुलीवाली. खिटी सरकवली, दोनदा बघितली, घातली. ड्राइव्ह घरघरत बसला. मी बाहेर जाऊन चहा घेऊन आलो तरी घरघर चालूच. जुनी_रीळ काकांनी सांगितलं नसतं तर मी बटण दाबलं असतं, खोटं कशाला बोलू. मग यादी सुरू झाली. ड्रॉइंगवाला पोरगा माझ्या मागं उभा राहून स्क्रीनवर नजर लावून होता, जेवायलापण गेला नाही. शेवटी ‘फाइल अनपेक्षितपणे संपली’ असं काहीतरी म्हणून थांबलं. यादीत शोधलं. फोल्डर आहे. ६८ पैकी ६८.

वेगळ्या डिस्कवर काढले, पाचसात उघडून बघितले, मापं बरोबर. जूननंतर दोन ड्रॉइंगमध्ये बदल झाला होता, ते मशीनवरच्या प्रिंटवरून पोरानं परत काढले.

मालकांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, बाद टेपच चांगली निघाली म्हणायची.

आता स्क्रिप्ट नवीन लिहायचीय. एनएसटी० केलं की झालं?


राजारामपुरी_रूट
बुधवार, रात्री ८:००

नाद खुळा!

नाही, तेवढ्यानं होत नाही. सुरुवातीला एमटी नं टेप मागे घ्या, मग तिन्ही टार एनएसटी० वर, शेवटी एमटी ऑफलाइन, म्हणजे टेप बाहेर येईल. अकाउंट काढायचं तेव्हा रिवाइंड करून एमटीला एफएसएफ १ द्या, म्हणजे टेप एक टार पुढं जाईल, मेलसाठी एफएसएफ २.

त्याहून महत्त्वाचं, ते ‘इको’. खाली नुसतं लिहून ठेवलंय, त्यामुळं वर आग लागली तरी ते ‘पूर्ण’ म्हणणार. प्रत्येक टारनंतर त्याचा निकालाचा आकडा बघा. ० म्हणजे ठीक. १ म्हणजे वाचता वाचता एखादी फाइल बदलली, रात्री कोणी अकाउंट उघडं ठेवून गेलं की येतो. २ म्हणजे खरंच फसलं. २ आला तर तुमच्या फोनवर मेसेज येईल असं करा. क्रॉनचं मेल सर्व्हरच्या रूटला जातं, ते कोण वाचतंय?

टारला -बी ५१२ द्या. नुसता टार १० केबीचे तुकडे लिहितो, त्यानं २५६ केबीचे होतील, एलटीओला ते मानवतात. फक्त वाचतानाही तोच आकडा द्यायचा, नाहीतर ‘मेमरी मिळत नाही’ असा भलताच एरर येतो आणि माणूस रॅम विकत आणायला धावतो.


जुनी_रीळ
बुधवार, रात्री ८:४०

शनिवारची टेप घरी न्यायच्या आधी तिच्यातली कुठलीही एक फाइल काढून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. पुण्याच्या पोराला दोष देताय, पण एवढ्या वर्षांत एकदाही काढून बघितली नाही तो तुमचाही दोष. रागावू नका.

आणि ड्राइव्ह हलवलात का?


उद्यमनगरकर
बुधवार, रात्री ९:०५

रागावत नाही काका, बरोबरच आहे.

ड्राइव्ह मालकांच्या केबिनमध्ये हलवतोय, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात. ग्राइंडिंगपासून तीच जागा सगळ्यात लांब. फक्त मालक सकाळी उदबत्ती लावतात. ते चालेल का?


जुनी_रीळ
बुधवार, रात्री ९:१२

उदबत्ती दुसऱ्या बाजूला लावायला सांगा.