उत्तर: उत्तर: मोन्नाकाचं तेम्पुरा – आठ खुर्च्या आणि तेलाचा प्रश्न

मेधा, मंगळवार, रात्री 10:40

मंडळी,

मोन्नाकाच्या (तोक्योतलं मोन्झेन-नाकाचो) तेम्पुऱ्याच्या, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या मासे-भाज्यांच्या, दुकानातून परत फोन आला होता. गुरुवारी रात्रीपर्यंत त्यांना पक्की नावं हवीत, कारण मासे ते माणसं मोजून आणतात. काउंटरला आठच खुर्च्या आहेत, आठही आपण घेतल्यात, मागे टेबल वगैरे काही नाही. तेव्हा "मी नक्की, हे बहुतेक" असं लिहिणाऱ्यांनी आपापल्या "बहुतेक"चं काय ते ठरवावं.

अडलंय ते एकाच ठिकाणी. आठांत दोघी शाकाहारी, त्यातल्या अश्विनीला अंडंही चालत नाही. मालक म्हणतात, काय काय नको ते एकदाच सांगा, त्या दिवशी ऐन वेळी नको. मी काय सांगू? मागच्या सोबाच्या (जपानी शेवयांच्या) जेवणाच्या वेळी झालं ते मला परत नकोय. प्रत्येकाने फक्त स्वतःचं लिहा. शेजाऱ्याचं नको.

माणशी 9,000 येन, पेय वेगळं. आदल्या दिवशी रद्द केलं तर निम्मे, त्याच दिवशी केलं तर पूर्ण.

मेधा

अण्णा, बुधवार, सकाळी 6:12

मेधा,

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. एवढ्याशा दुकानात जाऊन "हे काढा, ते घाला" म्हणणं मला पटत नाही. एदोमाए तेम्पुरा म्हणजे मुळात इथल्या खाडीतलं जे मिळेल ते: कोळंबी, किसु आणि मेगोचीसारखे छोटे मासे, आनागो म्हणजे समुद्रातली वाम. एदो काळात, तोक्योला एदो म्हणत तेव्हा, हे रस्त्यावरच्या गाड्यांवर काडीला टोचून विकायचे. घरं लाकडाची, आगीची धास्ती, म्हणून तळण उघड्यावर. भाजी तळली तर तिला तेम्पुरा म्हणतही नसत. आजही जुनी माणसं तिला शोजिनआगे म्हणतात, म्हणजे देवळातल्या भिक्षूंच्या पंगतीतलं तळण. शाकाहारी मंडळींसाठी निशीकासाईत, आपली बरीच माणसं राहतात तिथे, वेगळं काही करावं. मी मंडळात आल्यापासून असंच होत आलंय आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

दुसरं. तिथे एकेक तुकडा तळून समोरच्या कागदावर ठेवतात. ठेवला की तोंडात, हाच नियम. आपल्याकडे सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय कोणी सुरुवात करत नाही. मागे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना अशाच एका दुकानात नेलं होतं. सगळे एकमेकांना "घ्या, घ्या" करत बसले. मालकाने दुसरी कोळंबी तळायचं थांबवलं, आणि पहिली संपेपर्यंत हात पुसत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं.

अण्णा

सुनीता, बुधवार, सकाळी 8:55

अण्णा, तक्रार येत नाही, कारण ज्यांची तक्रार आहे ते येतच नाहीत.

मेधा, माझं लिहून घे. अंडं चालतं, मासे-मांस नाही. त्याच तेलात तळलं तरी मी डोळे मिटून खाते, ऑफिसच्या जेवणांत वर्षानुवर्षं खात आलेय. पण लोक सांगायचं विसरतात ते वेगळंच असतं:

तेन्त्सुयु. ती वाटीतली आमटी दिसते निरुपद्रवी, पण तिचा दाशी (मूळ रस्सा) कात्सुओचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा असतो. मला फक्त मीठ सांग. मुळ्याचा कीस दिला तर उत्तम.

शेवटचं सूप. ते बहुधा आकादाशी (तांबड्या मिसोचं सूप) असतं, त्यात शिजिमीचे शिंपले आणि शिवाय दाशी. नको.

काकिआगे, म्हणजे बारीक तुकडे एकत्र करून तळलेली वडी. भाताबरोबर शेवटी येतं त्यात छोटी कोळंबी किंवा कोबाशिरा (शिंपल्यातला छोटा गर) असतो. सध्या मक्याचा हंगाम आहे, मक्याचं करून देतात का विचार.

बाकी शिशितो (छोट्या हिरव्या मिरच्या), शिइताके (अळंबी), भोपळा, रताळं, आस्परा (अ‍ॅस्परॅगस), म्योगा (आल्याच्या जातीचे कोंब), सगळं चालेल. आणि अण्णा, पानात पडेपर्यंत मी थांबणार नाही, निश्चिंत असा.

सुनीता

निखिल, बुधवार, दुपारी 12:20

मुलांना आणलं तर चालेल का? आमचा सहा वर्षांचा आहे. भज्यांसारखंच असतं ना, आवडीने खाईल.

दिलीप (खजिनदार), बुधवार, दुपारी 1:03

सर्वांस नमस्कार,

एक खुलासा हवा आहे. हा मंडळाचा कार्यक्रम आहे की खासगी? कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय आलेला नाही. मंडळाचा असेल तर आठच जागा कशा, आणि त्या कोणी व कोणत्या निकषावर वाटल्या? खासगी असेल तर या यादीवर पत्रव्यवहार कशासाठी? काही झालं तरी रद्दीकरणाची रक्कम मंडळाच्या खात्यातून दिली जाणार नाही. गणपतीच्या हॉलचं भाडं याच महिन्यात भरायचं आहे.

दिलीप

वैशाली, बुधवार, दुपारी 3:41

मेधा, मी नक्की, हेही नक्की. पण तारीख पाहिलीस का गं? आषाढी एकादशी होऊन गेलेली असेल. चातुर्मासात मी वांगं आणि कांदा खात नाही. आणि माझ्या आठवणीप्रमाणे तेम्पुऱ्यात वांगं असतंच, ते पंख्यासारखं चिरलेलं. मासे श्रावण लागेपर्यंत चालतात, आमच्या सासरची रीतच तशी. तेवढं सांगून ठेव. खरं तर कांदेनवमीलाच ठेवायला हवं होतं, म्हणजे वांगं-कांदा सगळंच पोटात गेलं असतं.

विषय निघालाच आहे म्हणून विचारते, घरी माझं तेम्पुरा दोन मिनिटांत मऊ पडतं. सोडा वाढवला तर तेल पितं. ही लोकं काय करतात?

राजन, बुधवार, दुपारी 4:15

किसु वाचून जीव सुखावला. अहो ही आपली मुडदुशी! त्याच कुळातली, इथली थोडी वेगळी जात एवढंच. मालवणात आई तिखट-मीठ लावून रव्यात घोळवायची, काटा काढायचा प्रश्नच नव्हता, तो आमचा आम्ही काढायचो. इथे पाठीकडून चिरून, मधला काटा काढून, पुस्तकासारखी उघडून तळतात. पिठाचा थर इतका पातळ की माशाचा पांढरा रंग आतून दिसतो. मसाला नाही, काही नाही. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा वाटलं, हे काय आजाऱ्याचं जेवण. आता उन्हाळ्यात किसु खाल्ल्याशिवाय राहवत नाही.

मी नक्की. मला सगळं चालतं. कोणाचा मासा उरला तर तोही चालतो.

प्रसाद, बुधवार, संध्याकाळी 5:30

वैशालीवहिनी,

सोडा अजिबात नको. तुम्ही बहुतेक पीठ भज्यांसारखं फेटता. इथे उलटं असतं. हाकुरिकिको घ्यायचं (केकचं, कमी ग्लूटेनचं). अंडं फोडून बर्फाच्या पाण्यात मिसळायचं आणि त्यात पीठ टाकून काड्यांनी चार-पाच वेळा फक्त ढकलायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. जितकं ढवळाल तितकं ग्लूटेन सुटतं आणि आवरण चिवट होतं. पीठ थोडं थोडं आणि ऐन वेळी भिजवायचं. भिजवून ठेवलं की संपलं.

भाजीला तेल साधारण 160 ते 170 अंश, माशाला 180. कढई भरून टाकू नका, तेल गार पडतं. आपण भज्यांचा घाणा काढतो तसं इथे चालत नाही. वस्तू टाकल्यावर आधी मोठा, ओला आवाज येतो, मग तो बारीक होत जातो. आतलं पाणी निघून गेल्याची ती खूण. काउंटरवरचा माणूस बघत कमी असतो, ऐकत जास्त असतो.

प्रसाद

वैशाली, बुधवार, संध्याकाळी 6:02

प्रसाद, बर्फाचं पाणी माहीत नव्हतं रे. आणि उरलेल्या तेलाचं काय करता? मी गाळून फोडणीला वापरते, पण तिळाच्या तेलाने आमटीला वास येतो.

प्रसाद, बुधवार, संध्याकाळी 6:10

सुपरमार्केटात तेल घट्ट करायची पावडर मिळते. गरम तेलात टाकायची, थंड झाल्यावर वडी होते, ती जाळायच्या कचऱ्यात. सिंकमध्ये मात्र ओतू नका, इमारतीच्या व्यवस्थापनाकडून नोटीस येईल.

अण्णा, बुधवार, रात्री 9:20

तिळाच्या तेलाला नावं ठेवू नयेत. तोक्योतल्या असाकुसाच्या जुन्या दुकानांत भाजलेल्या तिळाचं तेल वापरतात, म्हणून तिथलं तेम्पुरा तांबूस आणि वासाला खमंग. अलीकडे ताइहाकु, म्हणजे न भाजलेल्या तिळाचं फिकं तेल, किंवा सरकीचं मिसळतात. काउंटरवाल्या दुकानांतला पांढराशुभ्र तेम्पुरा त्याचा. मला विचाराल तर मला तांबूसच आवडतो.

दिलीप, निकष वगैरे कशाला? ज्यांनी आधी हात वर केला त्यांना जागा.

वैशालीचं वाचून गंमत वाटली. आनागो चालतो आणि वांगं चालत नाही!

वैशाली, बुधवार, रात्री 9:26

अण्णा, आनागो नवमीला सोडायला कोणी सांगितलेलं नाही.

अश्विनी, बुधवार, रात्री 11:15

मेधाताई,

मी उशिरा लिहितेय, सॉरी. सुनीताताईंना त्याच तेलाचं चालतं, मला नाही चालणार. माशांच्या कढईतलं मी खाऊ शकत नाही, वासाने पोटात कालवतं. माझ्यासाठी कोणी वेगळी कढई मांडावी असा आग्रह मुळीच नाही. जमत नसेल तर माझी खुर्ची निखिलदादांच्या घरच्यांना द्या. पण तिथे बसून नुसता भात खाणार नाही, एवढं आधीच सांगते. आधीच्या एका जेवणात तेच केलं होतं, वर पैसे पूर्ण भरले होते.

अश्विनी

मेधा, गुरुवार, दुपारी 2:30

मंडळी,

आज जेवणाच्या सुट्टीत दुकानात प्रत्यक्ष जाऊन आले. फोनवर माझं केइगो (आदराची जपानी) पुरत नाही.

मालक साठीचे, त्यांच्या पत्नी भात आणि चहा बघतात, तिसरं माणूस नाही. मी यादी वाचून दाखवली, ते मान हलवत होते. अश्विनीवर आले तेव्हा त्यांनी मला आत बोलावून कढया दाखवल्या. दोन असतात. एक जास्त तापलेली, माशांची. दुसरी कमी तापलेली, भाज्यांची. एरवी आनागोनंतर भाजी कुठल्याही कढईत जाते, पण त्या दिवशी दुसऱ्या कढईत सुरुवातीपासून ताजं तेल आणि फक्त भाज्या. पिठाचं भांडं आणि काड्या वेगळ्या. बिनअंड्याचं पीठ करून देतील, जरा कडक होतं म्हणाले. तेन्त्सुयु कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिइताकेच्या दाशीचा. तो त्यांना आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो, म्हणूनच आधी सांगा म्हणत होते. सूपऐवजी लोणची आणि जास्तीचा चहा. मक्याचं काकिआगे होईल, कांदा न घालता.

यासाठी जादा पैसे घेणार का विचारलं, तर नाही म्हणाले. उलट विचारलं, भारतात इतके लोक मासे खात नाहीत तर तळून काय खातात? मी बटाटेवडा सांगितला. बटाटा आधी उकडतात याचं त्यांना फार नवल वाटलं.

अण्णा, भाजीला तेम्पुरा म्हणावं की नाही हे मी त्यांना विचारलं नाही. तुम्ही स्वतः विचारा, तुमची खुर्ची बरोबर त्यांच्यासमोर आहे.

निखिल, लहान मुलं नाहीत. गरम तेल हाताच्या अंतरावर असतं आणि मधे फक्त एक काच. शिवाय प्रत्येक खुर्चीला पूर्ण जेवण घ्यावं लागतं. दोघांत एक चालत नाही.

दिलीपकाका, खासगीच समजा. पैसे मी माझ्या कार्डावरून भरलेत, मंडळाचा संबंध नाही. यापुढचं तेम्पुऱ्याचं या यादीवर लिहिणार नाही, फक्त हे एक:

सातला जेवण सुरू, सातला बसलेले असायचं, सातला निघायचं नाही. एक जण उशिरा आला तर सगळ्यांची कोळंबी थांबते. निशीकासाईहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, रॅपिड तिथे थांबत नाही, लोकलनेच यावं लागेल. अत्तर लावून येऊ नका. फोटो मालकांना विचारून, आणि खाण्याआधी एकच.

पक्की नावं: अण्णा, सुनीता, अश्विनी, राजन, वैशाली, वैशालीचे हे, प्रसाद, मी. आठ झाले.

मेधा

दिलीप (खजिनदार), गुरुवार, दुपारी 3:15

खुलाशाबद्दल आभार. नोंद घेतली. कोणी ऐन वेळी गळलं तर खासगीत कळवावे, मी मोकळा आहे.

वैशाली, गुरुवार, दुपारी 3:50

मेधा, वांग्याच्या जागी मला काय देणार आहेत?

मेधा, गुरुवार, दुपारी 3:52

भोपळा.