व्यसन, अंमल, शोक : विलो रोझेनबर्गला ‘खलनायिका’ म्हणावं का?

मूळ प्रश्न

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचं (ऑक्टोबर २००१ ते मे २००२, एकूण २२ भाग) मराठी कथासार तयार करायचं आहे. गाडी विलोपाशी अडली आहे. लाजरी, अभ्यासू, संगणकात रमणारी, नायिका बफीची जिवाभावाची मैत्रीण अशी ही मुलगी पाच पर्वं प्रेक्षकांची लाडकी असते. सहाव्याच्या शेवटी तीच एका माणसाची कातडी सोलते आणि मग जग संपवायला निघते. मसुद्यातलं वाक्य असं : ‘जादूच्या व्यसनामुळे आणि ताराच्या मृत्यूच्या दुःखामुळे विलो खलनायिका बनते.’ (तारा ही विलोची प्रेयसी, तीही जादू जाणणारी.) व्याकरणाची चूक नाही, पण वाक्यात जीव नाही. ‘खलनायिका’ बरोबर आहे का? आणि ‘व्यसन’ इथे चालतं का?

प्रतिसाद

‘खलनायिका’ हे मराठीत गोष्टीतलं आसन आहे. नायिकेच्या समोर, विरुद्ध बाजूला, पहिल्या भागापासून राखून ठेवलेलं. आपल्या रोजच्या मालिकांनी तो अर्थ इतका पक्का केलाय की शब्द ऐकताच कारस्थानं करणारी जाऊबाई किंवा सासू डोळ्यांपुढे येते. विलो त्या आसनावर कधी बसलेलीच नाही. ती नायिकेच्या बाजूची आहे आणि तिथूनच फिरते. म्हणून नाम सोडा, क्रियापद शोधा. आपल्याकडे त्यांची वाण नाही, पण प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

‘बिथरणं’ हे बैलाघोड्यांचं. दचकून उधळतात, थोड्या वेळाने शांत होतात, त्यात हेतू नसतो. विलो हिशेबाने चालते. आधी जादूच्या दुकानात जाऊन काळ्या जादूच्या पोथ्यांत हात घालते (अक्षरं पानांवरून उठून तिच्या हातांवर चढत जातात आणि तिचे केस काळे होतात), मग ज्याच्या गोळीने तारा गेली त्या वॉरनला शोधायला निघते. ‘पिसाळणं’ हा रोग, तिथून परत फिरणं नाही. ‘चवताळणं’ क्षणापुरतं. ‘बहकणं’ फारच सौम्य. ते आधीच्या भागांसाठी ठेवा, ती एमी या जादू करणाऱ्या मैत्रिणीबरोबर रात्रभर बाहेर जादूचे चाळे करत हिंडते तिथे.

‘उलटणं’ मात्र नेमकं आहे, कारण ते आपल्या माणसावरच होतं. ‘शत्रूवर उलटली’ म्हटलं तरी आधी ती त्याच्या बाजूची होती असा वास येतो. विलो जाइल्सवर (बफीचा मार्गदर्शक), बफीवर, झँडरवर (विलोचा बालमित्र) हात उगारते ते शेवटच्या दोन भागांत. विसाव्या भागात ती फक्त वॉरनच्या मागावर आहे, तिथे ‘सूडाने पेटते’. दोन्ही क्रियापदं आलटून पालटून वापरू नका, त्यांच्यामध्ये वॉरनचा खून आहे.

जाता जाता : ‘बनते’च्या जागी ‘होते’ लिहा.

प्रतिसाद

खरी गंमत ‘व्यसन’ या शब्दात आहे. तो काढू नका, पण त्याच्या पोटात काय आहे ते बघून वापरा.

वि + अस्, म्हणजे फेकणं, दूर उधळून टाकणं. संस्कृतात व्यसन म्हणजे आधी संकट, आपत्ती, नाश, आणि मग वाईट सवय. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे आणि त्यात राजाच्या जुगार-मद्याइतकीच राज्यावर येणारी संकटं आहेत : आग, पूर, रोगराई, दुष्काळ. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची अठरा व्यसनं मोजली आहेत. दहा कामातून येणारी (शिकार, फासे, दिवसा झोपणं, मद्य वगैरे) आणि आठ क्रोधातून येणारी : चहाडी, साहस (इथे बळजबरी), द्रोह, ईर्ष्या, असूया, अर्थदूषण (दुसऱ्याचं धन हिरावणं), वाक्पारुष्य (कठोर बोलणं), दंडपारुष्य (कठोर शिक्षा, मारहाण). क्रोधाचंही व्यसन लागतं, ही कल्पना आजच्या मराठीतून जवळजवळ गेली आहे. विलोच्या बाबतीत ती परत आणावीशी वाटते. वॉरनच्या छातीत बंदुकीची गोळी ती सावकाश, मंत्राने, मिलिमीटर-मिलिमीटर दाबत नेते, ते दंडपारुष्य आहे. शिक्षा देण्यातली चटक.

म्हणजे तुम्ही ‘व्यसन आणि दुःख’ असे दोन शब्द ठेवलेत, ते मुळात एकाच शब्दाचे दोन अर्थ. आजच्या वाचकाला ‘व्यसन’मध्ये आपत्ती ऐकू येणार नाही, हे खरं. पण ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ आपण अजून म्हणतो आणि दोन्ही अर्थांनी म्हणतो. विलो-एमीची जोडी त्याचं चांगलं उदाहरण होईल.

प्रतिसाद

व्यसनाभोवतीच्या शब्दांची पायरी सांभाळा. नाद लागतो, चटक लागते, व्यसन जडतं, तलफ येते, अंमल चढतो. ही क्रियापदं सरमिसळ झाली की मराठी वाचक अडखळतो. ‘तिला जादूचा अंमल लागला’ किंवा ‘तलफ जडली’ असं होत नाही. ‘आहारी जाणं’ फार चांगला प्रयोग आहे. शब्दशः बघितलं तर खाणाऱ्याचंच खाद्य होतं. दहाव्या भागासाठी तो वापरा. रॅक नावाच्या जादू विकणाऱ्याच्या अड्ड्यावर विलो जाते, बफीच्या धाकट्या बहिणीला, डॉनला, बाहेर ताटकळत ठेवते आणि मग तिला घेऊन धुंदीत गाडी चालवताना गाडी ठोकते. डॉनचा हात मोडतो. पुढे अंगाला थरथर, घाम, बिछान्यात तळमळ. व्यसनमुक्ती केंद्रात याला सरळ ‘विथड्रॉवल’ म्हणतात, कथासारात ‘जादू सोडल्यावर अंग थरथरतं’ एवढं पुरे.

आणखी एक : ‘व्यसनी विलो’ लिहू नका, ‘व्यसनाधीन’ बरं. ‘व्यसनी’ माणसाला कायमचा चिकटतो, ‘अधीन’मध्ये सुटण्याची जागा राहते.

प्रतिसाद

‘व्यसन’ला माझी हरकत आहे, आणि ती मालिकेच्याच आधारावर. सातव्या पर्वाच्या पहिल्या भागात (सप्टेंबर २००२) विलो इंग्लंडमध्ये जाइल्सबरोबर आहे. तिथे तो तिला साधारण असं समजावतो की हा छंद नाही आणि व्यसनही नाही, जादू आता तुझ्या आत आहे आणि तिची जबाबदारी तुझी. म्हणजे सहाव्या पर्वाच्या मध्यात मालिकेने धरलेली उपमा पुढच्या वर्षी मालिकेनेच सोडली.

ती सोडावी लागली याचं कारण आहे. विलोचा पहिला अपराध नशेचा नाही, हुकमतीचा आहे. तारा तिच्याशी भांडते, तर ती मंत्राने ताराच्या डोक्यातून भांडणच पुसून टाकते. ताराला हे गाण्यांच्या भागात (सहावं पर्व, भाग सातवा) कळतं. त्याआधी पाचव्या पर्वात ग्लोरी नावाच्या दुष्ट देवीने ताराचं मन पोखरून टाकलेलं, त्यामुळे मनाशी केलेला हा खेळ ताराला किती लागला असेल ते वेगळं सांगायला नको. आठव्या भागात विलो महिनाभर जादू सोडायला तयार होते, तारा म्हणते एक आठवडा सोडून दाखव. आठवडा जातच नाही, विलो पुन्हा विसरण्याचा मंत्र टाकते. या वेळी सगळ्यांच्याच आठवणी जातात आणि तारा घर सोडते. यात कुठे थरथर आहे, कुठे तलफ? दुसऱ्याच्या मनावर आपली सत्ता चालवायची सवय आहे. दहाव्या भागात अचानक अड्डा आणि विक्रेता आले, तेव्हा सत्तेचा प्रश्न नशेच्या मागे दडला. सहाव्या पर्वाचं हेच मोठं दुखणं आहे असं मला वाटतं.

म्हणून शब्द सुचवतो : ‘अंमल’. मूळ अरबी, अर्थ कृती, कारभार. आपल्याकडे त्याचे दोन फाटे झाले. एकीकडे अंमलदार, अंमलबजावणी, ‘पेशव्यांचा अंमल’. दुसरीकडे ‘भांगेचा अंमल चढला’, अमली पदार्थ. सत्ता आणि नशा या दोन्हींना आपल्याकडे हा एकच शब्द, आणि विलोची गोष्ट नेमकी या दोन अर्थांच्या मध्ये घडते. ‘जादूचा अंमल’ म्हटलं की तिने जादूवर गाजवलेला आणि जादूने तिच्यावर गाजवलेला, दोन्ही येतात.

प्रतिसाद

‘अंमल’ पटला. एक तपशील त्याला बळ देतो. ताराच्या मृत्यूनंतर काळे केस झालेली विलो आधी इस्पितळात जाते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या बफीच्या छातीतून गोळी बाहेर काढून तिला वाचवते. मग वॉरनकडे. शक्ती तीच आणि चेहराही तोच. नुसत्या नशेत असलेल्या माणसाचं हे वागणं नाही.

प्रतिसाद

छोटी सूचना. कथासारात ‘चेटकीण’ किंवा ‘जादूटोणा’ सुरुवातीपासून वापरू नका. चेटूक म्हणजे दुसऱ्याचं वाईट करण्यासाठी केलेलं, त्यामुळे शब्दच निकाल देऊन मोकळा होतो. ‘जादूटोणा’ला तर २०१३च्या महाराष्ट्राच्या कायद्यानंतर कलमाचा वास येतो. तारा आणि विलो यांच्यासाठी साधं ‘जादू’, ‘मंत्र’. ‘अघोरी’ हा शब्द पर्वाच्या सुरुवातीला एकदाच : पाचव्या पर्वाच्या शेवटी मेलेल्या बफीला जिवंत करण्याच्या विधीसाठी विलो हरणाचं पाडस मारते आणि मित्रांपासून लपवते, तिथे.

प्रतिसाद

दुःखाबद्दल कुणी बोललं नाही. ‘मृत्यूचं दुःख’ फार फिकं आहे. मराठीत दुःख कशाचंही होतं, पेला फुटल्याचंही. मेलेल्या माणसाचा शोक. दुखवटा चार लोकांनी पाळायचा, सुतक दिवस मोजून संपायचं. विलोला यातलं काहीच मिळत नाही. ती ओसायरिस या मृतांच्या देवाला हाक मारते, तारा परत दे म्हणते, आणि उत्तर येतं की हा मृत्यू माणसाच्या हातून, निसर्गाच्या नियमाने झाला, म्हणून परत नाही. बफीचा मृत्यू जादूचा होता म्हणून तिला आणता आलं. यावर विलो जे ओरडते त्याला मराठीत एकच शब्द आहे : हंबरडा.

‘शोक’ शुच् धातूवरून, जळणं. संस्कृतात शोक म्हणजे ज्वाळाही. आणि ‘शोकसंतप्त’ बघा. संस्कृतात संतप्त म्हणजे तापलेला, पोळलेला. मराठीत ‘संतप्त जमाव’ म्हणजे दगड घेऊन आलेला. शोकसंदेशात आपण तो शब्द पहिल्या अर्थाने वाचतो. विलोसाठी दुसऱ्यानेही वाचा.

मूळ प्रश्नातल्या वाक्याचा खरा घोटाळा मात्र ‘आणि’मध्ये आहे. ‘व्यसनामुळे आणि दुःखामुळे’ म्हटलं की दोन कारणं शेजारी बसतात. घडतं ते क्रमाने. दहाव्या भागानंतर विलो स्वतःहून जादूपासून दूर राहते. अठराव्यात तारा परत येते. एकोणिसाव्यात (७ मे २००२ रोजी प्रसारित) वॉरनने बफीवर झाडलेली एक भरकटलेली गोळी खिडकीतून येऊन ताराला लागते, तिचं रक्त विलोच्या सदऱ्यावर उडतं. सुटत आलेलं परत येतं ते त्या क्षणी. ‘पुन्हा’ हा शब्द वाक्यात हवाच.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. मसुदा बदलला : ‘जादूच्या अंमलातून बाहेर पडत असलेली विलो ताराच्या मृत्यूनंतर शोकाने पुन्हा त्याच अंमलाखाली जाते, सूडाने पेटते आणि शेवटी आपल्याच माणसांवर उलटते.’

एक शंका राहिली. शेवटच्या भागासाठी ‘सुधारते’ लिहिलं होतं, ते खटकतंय.

प्रतिसाद

खटकायलाच हवं. सुधारतात ती वांड मुलं. त्या टेकडीवर काय होतं ते आठवा. जाइल्सने डेव्हनच्या जादूगार मंडळाकडून उसनी आणलेली शक्ती विलो ओढून घेते, आणि त्या शक्तीबरोबर तिला जगातल्या सगळ्यांची वेदना जाणवायला लागते. हे थांबवायचं तर जगच थांबवायचं, असं तिचं ठरतं. समोर झँडर उभा, त्याच्याकडे जादू नाही, व्यवसायाने सुतार. तो बालवाडीतल्या पिवळ्या खडूची आठवण काढतो : तो खडू तुझ्या हातून मोडला आणि कुणाला सांगायच्या भीतीने तू रडलीस. ती त्याच्या गालावर, छातीवर जखमा करते, तो पुन्हा जवळ येतो, पुन्हा तेच म्हणतो. मग ती कोसळते, त्याच्यावर हात आपटत रडते आणि केस परत तांबडे होतात.

पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हटलंय. खळ नाही, त्याची व्यंकटी, वाकडेपण सांडायचं. अर्थाने अगदी जवळचं, पण कथासारात ‘व्यंकटी’ जड होईल. ‘भानावर येते’ लिहा. अंमल उतरल्यावर माणूस भानावरच येतो, आणि तिचा न झालेला शोकही तिथे रडण्यातून सुरू होतो.

मूळ प्रश्नकर्तीकडून

‘...आपल्याच माणसांवर उलटते. झँडरच्या मिठीत ती भानावर येते आणि ताराच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा मोकळी रडते.’ ‘पहिल्यांदा’ चालेल ना?

प्रतिसाद

‘पहिल्यांदा’ राहू द्या, ‘मोकळी’ काढा. तारा गेल्यावर तिने फोडला तो हंबरडा होता, तो रडण्यात धरू नये. आणि झँडरच्या मिठीतलं रडणं मोकळं अजिबात नाही, घुसमटलेलं आहे. ‘पहिल्यांदा रडते’ एवढंच.