बदललेल्या एक्झॉस्टची गाडी पीयूसीत नापास: सीओ जास्त आणि लॅम्ब्डाही जास्त

चिंचवडकर:
नमस्कार. गेल्या दिवाळीत मी २०१८ सालची, म्हणजे बीएस-४ मानकाची, पेट्रोल हॅचबॅक जुनी म्हणून विकत घेतली. आधीच्या मालकाने मूळ मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पुढे नेणारा भाग) काढून त्याजागी स्टीलचा हेडर बसवला आहे आणि तेथून मागच्या सायलेन्सरपर्यंत सरळ पाइप ओढला आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पीयूसीची मुदत संपल्यामुळे तपासणीला गेलो, तर गाडी नापास झाली. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते सुरू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के आणि एचसी म्हणजे न जळलेले इंधन २८० पीपीएम आले. २५०० आरपीएमला सीओ ०.८ टक्के, ऑक्सिजन २.२ टक्के आणि लॅम्ब्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा; १ म्हणजे नेमके, त्यावर म्हणजे हवा जास्त) १.०७ आला. केंद्रावर 'इंजेक्टर साफ करून घ्या' एवढाच सल्ला मिळाला. इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर आणि प्लग नवे घातले, तरी आकडे जागचे हलले नाहीत. हाच एक्झॉस्ट ठेवून गाडी पास करता येईल का?

पाना_पक्कड:
आपण आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण नेमका दोष त्यांतच दिसतो आहे. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम, तर वाढवलेल्या आरपीएमला सीओ ०.२ टक्के आणि लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३ ही मर्यादा आहे. आता पाहा: इंजिन पेट्रोल जास्त पीत असल्यामुळे सीओ वाढला असता, तर लॅम्ब्डा १ च्या खाली यायला हवा होता. आपल्याकडे सीओही जास्त आहे आणि लॅम्ब्डाही. याचा अर्थ जळून आलेल्या धुरात वाटेत कोठेतरी बाहेरची हवा मिसळते आहे, आणि तो २.२ टक्के ऑक्सिजन तिचाच आहे.

तेव्हा दोष एक नसून दोन असावेत. पहिला, कोठेतरी सांधा गळतो आहे. ही गळती पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर प्रकरण आणखी बिघडते, कारण सेन्सरला हवा लागली की ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, झाल्यासारखे वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. सकाळी गाडी थंड असताना हेडरच्या फ्लँजवर (इंजिनाला बोल्टने जोडलेल्या पट्टीवर) आणि पाइपच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारा, सहकाऱ्याला मागच्या नळीच्या तोंडावर ओले फडके धरायला सांगून गाडी सुरू करा आणि बुडबुडे कोठे येतात ते पाहा. हे काम मिनिटभरात उरका, नंतर पाइप तापतो आणि हात भाजतो. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा फराटा दिसला, तर पाणी मारण्याचीही गरज नाही.

दुसरा दोष अधिक खर्चाचा आहे. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) मूळ मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, त्यामुळे हेडर बसवताना तो मुळासकट गेला असणार. आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियममुळे जुन्या कन्व्हर्टरला भंगारातही चांगला भाव येतो, म्हणून तो परत मिळण्याची आशा धरू नका. कन्व्हर्टर नसताना इंजिन कितीही तंदुरुस्त असले तरी सीओ ०.२ टक्क्याखाली आणणे जवळजवळ अशक्य आहे.

डेक्कन_रायडर:
एवढा खटाटोप कशाला? ओळखीच्या केंद्रावर दुसऱ्या गाडीत नळी घालून प्रमाणपत्र काढून देतात.

पाना_पक्कड:
आपल्या पहिल्या पीयूसीचा उगम बहुधा असाच असावा, चिंचवडकर. त्याचा परिणाम आपण भोगतच आहात.

वकिली_चष्मा:
एक मुद्दा राहून जातो आहे. पीयूसी केंद्रावरचे यंत्र धूर तपासते, आवाज तपासत नाही. त्यामुळे कन्व्हर्टरनंतरचा भाग, म्हणजे मधला पाइप आणि मागचा सायलेन्सर, बदलूनही गाडी तपासणीत पास होते. मात्र ती कायदेशीर ठरतेच असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये हवा आणि आवाज या दोन्हींच्या मानकांचा भंग येतो. पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाते. शिवाय कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंडाची तरतूद झाली आहे. बदल आधीच्या मालकाने केला होता हे चौकात उभे राहून सिद्ध करणे किती सोपे जाईल, याचा आपणच विचार करा.

चिंचवडकर:
सर्वांचा आभारी आहे. फ्लँजच्या खालच्या बोल्टपाशी बोटभर लांबीचा काळा फराटा सापडला. गॅस्केट एका बाजूने जळून उडालेले होते. नवे गॅस्केट घालून पुन्हा तपासले, तेव्हा २५०० आरपीएमला लॅम्ब्डा १.०१ वर आला, पण सीओ ०.५ टक्क्यावरच थांबला. म्हणजे पाना_पक्कड यांचे दोन्ही अंदाज खरे ठरले. कन्व्हर्टरसह मूळ मॅनिफोल्डची मागणी नोंदवली आहे. तो बसेपर्यंत गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच राहील.

पाना_पक्कड:
नवा मॅनिफोल्ड बसला की वीस मिनिटे गाडी चालवून मगच केंद्रावर जा आणि रांगेत इंजिन बंद करू नका. थंड कन्व्हर्टर काहीच काम करत नाही.